बेसमेंटमध्ये होम थिएटर करायचंय? ड्रायवॉल लागायच्या आधी हे वाचा

अमेरिकेत घर घेतलं की वर्ष-दोन वर्षांत हा विषय निघतोच. खाली अख्खं बेसमेंट मोकळं पडलेलं असतं, एका कोपऱ्यात भारतवारीच्या रिकाम्या बॅगा, दुसऱ्या कोपऱ्यात गणपतीच्या मखराचं सामान, आणि मग कोणाकडे तरी पार्टीला जाऊन त्यांचं थिएटर बघून आलो की त्याच रात्री यूट्यूबवर स्पीकरचे रिव्ह्यू सुरू. लोक मला विचारतात तेही हेच, ५.१ घेऊ का ७.१ (म्हणजे पाच का सात स्पीकर, आणि .१ म्हणजे बासचा सबवूफर), प्रोजेक्टर एप्सन चांगला का सोनी. माझं म्हणणं असं की प्रोजेक्टर पाच वर्षांनी बदलता येतो, स्पीकर उद्या बदलता येतात, पण एकदा ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे तयार बोर्ड) लागून रंग झाला की भिंतीच्या आतलं काही बदलता येत नाही (म्हणजे येतं, पण रडू पण येतं). म्हणून त्याच क्रमाने लिहितोय, आधी पाणी, मग परमिट, मग भिंती, छत, वायरी, आणि ज्याची सगळ्यांना घाई असते ती उपकरणं शेवटी.

मी शिकागोच्या सबर्बमध्ये राहतो, त्यामुळे उदाहरणं इथली आहेत. इथे हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते, घराचा पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावाच लागतो, साडेतीन फूट खणतोच आहोत तर अजून चार-पाच फूट खणून बेसमेंट करूया असा तो सगळा हिशोब. टेक्सास किंवा बे एरियातल्या मंडळींना हे भाग्य सहसा नसतं, त्यांनी पहिला, पाण्याचा भाग सोडून दिला तरी चालेल, पुढचं सगळं गॅरेजवरच्या खोलीलाही लागू आहे.

आधी पाणी

बेसमेंट म्हणजे जमिनीत पुरलेला काँक्रीटचा डबा, बाहेरची ओल आत यायला टपलेली असते. खाली जाऊन नाकाने सुरुवात करा, कुबट वास येतोय का. मग टॉर्च घेऊन भिंतीच्या खालच्या फूटभर भागाकडे बघा, पांढरी पावडर फुलल्यासारखी दिसली तर ते काँक्रीटमधले क्षार आहेत, पाणी आतून झिरपून वाळलं की ते मागे राहतात. जमिनीसाठी एक साधी टेस्ट आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्यायचं, चारी बाजूंनी टेपने जमिनीला हवाबंद चिकटवायचं आणि एक अख्खा दिवस हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट आजूबाजूपेक्षा काळपट झालं असेल तर ओल जमिनीतून वर येतेय. थेंब प्लास्टिकच्या वर असतील तर तो हवेतला दमटपणा, त्याला डीह्युमिडिफायर पुरतो. हे एकाच जागी करू नका, तीन-चार ठिकाणी करा, आणि शक्यतो पावसाळी आठवड्यात, कोरड्या दिवसांत सगळी बेसमेंटं पास होतात.

ओल निघाली तर लगेच आतून वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन करू नका, तो हजारोंचं कोटेशन देणारच. आधी बाहेर जाऊन छताच्या पन्हळी बघा. पाइपातून येणारं पाणी पायाजवळच पडत असेल तर एक्स्टेन्शन लावून ते पाच-सहा फूट लांब सोडा. घराभोवतीची माती पहिल्या १० फुटांत किमान ६ इंच उतरती हवी, कित्येक घरांत ती बसून उलटा उतार झालेला असतो. बरेचदा एवढ्यावरच भागतं.

संप पंप (बेसमेंटच्या खड्ड्यात जमणारं पाणी बाहेर फेकणारा) असेल तर त्याला बॅटरी बॅकअप घ्याच. इथे जोराचं वादळ येतं तेव्हाच लाइट जाते आणि तेव्हाच पंपाची गरज असते. शिवाय घराच्या साध्या इन्शुरन्समध्ये संप भरून आलेलं पाणी किंवा ड्रेनमधून उलटं आलेलं पाणी सहसा धरलेलं नसतं, त्यासाठी वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं, एजंटला फोन करून आजच विचारा. नवीन बांधलेलं घर असेल तर वर्षभर थांबा, ताज्या काँक्रीटमधलं पाणी निघायला वेळ लागतो.

दुसरी अदृश्य गोष्ट रेडॉन. जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, वास नाही रंग नाही, आणि ईपीएच्या (अमेरिकन सरकारच्या पर्यावरण खात्याच्या) म्हणण्याप्रमाणे धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कॅन्सरचं दुसऱ्या नंबरचं कारण. टेस्ट किट स्वस्तात मिळतं, ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा जास्त आलं तर उपाय करा असं ईपीए सांगते. उपाय म्हणजे जमिनीला भोक पाडून पाइप आणि पंख्याने खालची हवा छतावर सोडायची. हा पाइप नंतर टाकायचा म्हटलं की नेमका स्क्रीनच्या भिंतीतून जायला लागतो, म्हणून आधीच करून टाका.

परमिट काढायचं का?

काढायचं. "आमच्या शेजाऱ्याने नाही काढलं" हे मला माहितीये. पण घर विकताना खरेदीदाराचा इन्स्पेक्टर विचारतो, आणि उद्या काही जळलं तर इन्शुरन्सवाला विचारतो. गावाच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला एक साधा नकाशा द्यायचा, मग फ्रेमिंग (भिंतींचा लाकडी सांगाडा) आणि वायरिंग उघडं असताना एक तपासणी, शेवटी एक. इन्स्पेक्टर यायच्या आधी इन्शुलेशन आणि ड्रायवॉल लावायचं नाही.

नियम गावागणिक बदलतात पण साधारण असं, राहण्याच्या खोलीचं छत ७ फूट हवं, बीम आणि डक्टखाली ६ फूट ४ इंच चालतं. जिथे लोक बसणार अशा बेसमेंटला बाहेर पडायची एक खिडकी किंवा दार लागतं, खिडकीचा मोकळा भाग ५.७ चौरस फूट आणि तिचा उंबरा जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. थिएटरला खिडकी कशाला असं वाटतं, पण आगीत जिना बंद झाला तर? खिडकी ठेवा, तिला काळा जाड पडदा लावा. स्मोक आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्म वरच्या मजल्याच्या अलार्मला जोडलेले हवेत. आणि फर्नेसची खोली आवाज येतो म्हणून हवाबंद करू नका, फर्नेस आणि वॉटर हीटर गॅसवर असतील तर जळायला हवा लागते.

इथली एक गंमत, शिकागो आणि आसपासच्या बऱ्याच गावांत घरातली वायरिंगसुद्धा लोखंडी कंड्युइटमधून न्यावी लागते. न्यू जर्सीवाला मित्र पिवळी रोमेक्स वायर ओढून एका वीकेंडला मोकळा होतो, आपल्याकडे पाइप वाकवणारा इलेक्ट्रिशियन लागतो. बजेटमध्ये तेवढं धरा.

खोली कागदावर मांडा

मी सगळ्यांना एकच उदाहरण देतो, १४ फूट रुंद, २० फूट लांब, ८ फूट उंच. चौरस खोली शक्यतो टाळा, लांबी-रुंदी सारखी असली की एकाच सुराचा बास दुप्पट घुमतो. बेसमेंटमध्ये मध्येच लोखंडी खांब असतो, तो काढता येत नाही (त्याच्यावर घर उभं आहे), म्हणून खांब भिंतीत दडेल अशी भिंत आखा.

आता स्क्रीन. १२० इंची स्क्रीन घेतली तर रुंदी साधारण १०५ इंच आणि उंची ५९ इंच. सिनेमासाठी स्क्रीन डोळ्यांसमोर ४० अंशांचा कोन करेल असं बसा, आणि त्याचं सोपं गणित म्हणजे कर्ण गुणिले १.२. १२० ला १४४ इंच, म्हणजे १२ फूट. १०० इंचीला १० फूट. हे ज्यांना फार जवळ वाटतं त्यांनी ३० अंश धरा, मग १२० इंचीला सोळा फुटांच्या जरा पुढे जाल. १४ फुटांच्या भिंतीवर पावणेनऊ फूट स्क्रीन गेली की दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतात, तिथे डावा-उजवा स्पीकर बसतो, आणि १२ फुटांवरून तो मध्यापासून साधारण २५ अंशांवर येतो, जे अगदी हवं तसं आहे. स्क्रीनचा तळ जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर. बसलेल्या माणसाचा डोळा स्क्रीनच्या खालच्या तिसऱ्या भागासमोर आला पाहिजे, मान वर करून तीन तासांचा सिनेमा बघवत नाही.

मागची रांग उंच चौथऱ्यावर करायची हौस सगळ्यांना असते. ८ फुटी छताखाली १२ इंची चौथरा केला की वर बरोब्बर ७ फूट उरतात. तुमचं तयार छत साडेसात फुटांचं असेल तर चौथऱ्याचा नाद सोडा, पहिल्या सोफ्याच्या पाठीमागे १२ इंच रुंदीचं उंच काउंटर करा आणि चार बार स्टूल ठेवा. खर्च निम्म्याहून कमी, प्लेट ठेवायला जागा, आणि क्रिकेटच्या दिवशी उभ्याने बघणारे आपोआप तिथे टेकतात. चौथरा केलाच तर रिक्लायनर पूर्ण उघडल्यावर सहा फूट खोली लागते हे मोजा, आणि पायरीच्या कडेला बारीक लाइट द्या. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा अंधारात तीच पायरी नडते. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा त्याच वेळी करून घ्या.

टीव्ही का प्रोजेक्टर? माझं मत स्पष्ट आहे, खोली पूर्ण अंधारी करू शकत असाल आणि मुख्यतः सिनेमे बघणार असाल तर प्रोजेक्टर, आणि लाइट लावून, गप्पा मारत, खात-पीत मॅच बघणार असाल तर ९८ इंची टीव्ही. वॉकआउट बेसमेंट असेल, म्हणजे एक भिंत काचेची, तर विचारच नको, टीव्ही. फक्त ऑर्डर करायच्या आधी जिना मोजा. ९८ इंची टीव्ही सव्वासात फूट लांब असतो, तो आडवा झोपवून न्यायचा नसतो, आणि जिन्याच्या मधल्या वळणावर खोक्यासकट तो अडकतो. रिक्लायनर सोफा पण असाच, सुटे होणारे भाग असलेलाच घ्या.

भिंती आणि छत

बाहेरच्या काँक्रीट भिंतीला थेट फायबरग्लास लावून वर प्लास्टिक ठोकणं ही जुनी पद्धत, ओल मध्ये अडकते आणि बुरशी धरते. त्याऐवजी काँक्रीटला गुलाबी किंवा निळा फोम बोर्ड चिकटवा, सांधे टेप करा, त्याच्या आत लाकडी स्टडची (उभ्या फळ्यांची) भिंत. जमिनीला लागणारी खालची पट्टी प्रेशर ट्रीटेड लाकडाचीच हवी. फोम उघडा ठेवता येत नाही, त्यावर ड्रायवॉल लागतंच.

आवाजाचा खरा प्रश्न भिंतींचा नाहीच, त्या बाजूंना माती आहे. प्रश्न छताचा. वर्ल्ड कपची १९ नोव्हेंबर २०२३ ची फायनल अहमदाबादला दुपारी दोनला सुरू झाली, म्हणजे शिकागोला पहाटे अडीचला. खाली वीस माणसं आरडाओरडा करतायत आणि वर पोरं झोपलीयत, एवढ्यासाठी तरी छतावर पैसे घाला.

क्रम असा. दोन जॉइस्टच्या (वरचा मजला पेलणाऱ्या लाकडी तुळयांच्या) मधली पोकळी फायबरग्लास नाहीतर मिनरल वूलने भरा. फक्त एवढं केलं तर फरक थोडाच पडतो, कारण ड्रायवॉल जॉइस्टला स्क्रूने जोडलेलं असतं आणि कंप त्या लाकडातूनच वर जातो. म्हणून जॉइस्टला रबरी क्लिप लावतात, क्लिपमध्ये पत्र्याची चॅनल अडकवतात, आणि ड्रायवॉल त्या चॅनलला. मग पाच अष्टमांश इंची ड्रायवॉलचे दोन थर, मध्ये ग्रीन ग्लू नावाचा कधीच न वाळणारा चिकट पदार्थ. एक शीट सत्तर पौंडांच्या आसपास असते, डोक्यावर धरून लावायच्या भानगडीत पडू नका, लिफ्ट भाड्याने मिळते. या सगळ्यात छत दोन-तीन इंच खाली येतं, ७ फुटांच्या नियमात बसतंय का ते आधी बघा.

आणि मग लोक याच छताला डाउनलाइटसाठी पंधरा भोकं पाडतात! आवाज पाण्यासारखा असतो, फट दिसली की निघाला. लाइट कमी ठेवा, भिंतीवरचे घ्या, छतात हवेच असतील तर मागे ड्रायवॉलचा डबा करून घ्या. दार भरीव लाकडाचं, पाऊण नाही पावणेदोन इंच जाडीचं, चौकटीला रबर आणि खाली फट बंद करणारी पट्टी. साध्या पोकळ दाराने वर केलेला सगळा खर्च पाण्यात जातो. डक्ट हा शेवटचा चोर, थिएटरचा आणि बेडरूमचा एकच सरळ डक्ट असेल तर टेलिफोनसारखं ऐकू जातं, तिथे आतून अस्तर असलेला लवचिक डक्ट दोन वळणं देऊन घाला. थंड हवा आत येण्याइतकीच परतीची हवा बाहेर जायची सोय पण हवी, दार बंद करून दहा माणसं, एक रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर), एक प्रोजेक्टर, हिवाळ्यातसुद्धा घाम फुटतो.

एवढं करूनही सबवूफरचा अगदी खालचा बास वर थोडा जाणारच. तो पूर्ण थांबवतो म्हणणाऱ्या काँट्रॅक्टरवर विश्वास ठेवू नका.

वायरी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिकामे पाइप

एव्ही रॅकसाठी (रिसीव्हर वगैरे ठेवायच्या कपाटासाठी) वेगळं २० अँपचं सर्किट घ्या, १२ गेजची वायर. १२० व्होल्टवर ते २४०० वॉट होतं, सलग वापराला ८० टक्के धरले तरी १९२०, घरगुती थिएटरला भरपूर. लाइट दुसऱ्या सर्किटवर. प्रोजेक्टरच्या जागी छतात एक सॉकेट, दोन्ही सबवूफरच्या जागी एकेक, आणि रिक्लायनर मोटरवाले असतील तर जमिनीत किंवा चौथऱ्याच्या तोंडाला एक. हे शेवटचं हमखास विसरतं आणि मग पायात येणारी एक्स्टेन्शन कॉर्ड कार्पेटखालून जाते. (भारतातून जुना लाडका अँप्लिफायर आणायचा विचार असेल तर तो २३० व्होल्टचा आहे, इथे तसा चालणार नाही.)

स्पीकरची वायर १४ गेज तांब्याची. स्वस्त रिळावर सीसीए लिहिलेलं असेल तर ते वरून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, घेऊ नका. भिंतीतून जाणाऱ्या वायरीवर सीएल२ किंवा सीएल३ छापलेलं असलं पाहिजे, इन्स्पेक्टर बघतो. स्पीकरच्या आणि पॉवरच्या वायरी एकत्र बांधून नेऊ नका, फूटभर अंतर ठेवा, एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. आज ५.१ घेताय तरी ७.१.४ च्या (शेवटचे चार म्हणजे छतातले स्पीकर) वायरी टाकून ठेवा, वायर स्वस्त आहे, छत उघडणं महाग.

रॅकपासून प्रोजेक्टरपर्यंत एचडीएमआय तीस-चाळीस फूट सहज होते. एवढ्या लांबीला तांब्याच्या केबलवर ४के सिग्नल टिकेलच असं नाही, ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, एका टोकाला सोर्स आणि दुसऱ्याला डिस्प्ले लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र येणार नाही, म्हणून ओढायच्या आधी जमिनीवरच दोन्ही टोकं जोडून चालवून बघा. आणि काही झालं तरी ती भिंतीत नुसती गाडू नका. दीड-दोन इंचांचा नारिंगी लवचिक पाइप टाका, वळणं मोठी गोल ठेवा, आत एक दोरी सोडून ठेवा. दर काही वर्षांनी एचडीएमआयची नवी आवृत्ती येतेच, तेव्हा जुन्या केबलला नवी बांधून ओढली की झालं. असाच एक पाइप रॅकपासून राउटरपर्यंत आणि एक रिकामा स्क्रीनच्या मागे.

ड्रायवॉलवाला यायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक भिंतीचे आणि छताचे फोटो काढा, फोटोत मेजरिंग टेप उघडी धरून. नंतर स्क्रीनचा ब्रॅकेट ठोकताना स्टड कुठे, वायर कुठे, हे त्यातच सापडतं.

जमीन आणि रंग

जमिनीला कार्पेट, जाड पॅडसकट. लाकडासारखी दिसणारी टाइल सुंदर असते पण आवाज तिच्यावरून आपटून परत येतो. थेट काँक्रीटवर कार्पेट गार लागतं, खाली हवा खेळेल अशी ड्रायकोरसारखी पाऊण-एक इंचाची पाटं घातली तर पाय गरम राहतात आणि थोडी ओल आली तरी कार्पेट वाचतं.

रंगावरून घरोघरी भांडणं होतात. प्रोजेक्टर असेल तर स्क्रीनच्या आसपासच्या पहिल्या सहा फुटांत, छतासकट, गडद आणि पूर्ण मॅट रंग हवा, कारण पांढऱ्या छतावरून उजेड परत स्क्रीनवर येतो आणि काळं राखाडी दिसतं. गडद निळा, कॉफी, मरून, काहीही चालेल, चकाकी नको. मागची भिंत घरच्यांच्या आवडीची करा, तेवढी तडजोड परवडते.

आता कुठे उपकरणं

प्रोजेक्टर घेताना थ्रो रेशो बघा, म्हणजे लेन्सपासूनचं अंतर भागिले स्क्रीनची रुंदी. रेशो १.४ असेल तर पावणेनऊ फुटी स्क्रीनला सव्वाबारा फूट लागतात, तुमच्या छतातलं सॉकेट तिथे आहे ना? लेन्स शिफ्ट (लेन्सनेच चित्र वर-खाली सरकवायची सोय) असलेला घ्या, कीस्टोनने चित्र डिजिटली दाबून चौकोनी करतात त्यात बारकावे जातात. लुमेनच्या (प्रोजेक्टरच्या उजेडाच्या) आकड्यांना भुलू नका. १२० इंची स्क्रीन साधारण ४३ चौरस फूट असते, सिनेमागृहाचं १६ फूटलॅम्बर्टचं (पडद्यावरच्या उजेडाचं माप) प्रमाण गाठायला तिच्यावर खरे सातशे लुमेन पुरतात. जाहिरातीतला आकडा हिरवट भडक मोडमधला असतो, सिनेमा मोडमध्ये त्याचा बराच भाग गळतो, तरी अंधाऱ्या खोलीत उरलेलं पुष्कळ होतं.

स्पीकरमध्ये पैसे सगळ्यात आधी मधल्या सेंटर स्पीकरवर घाला. सिनेमातले संवाद जवळजवळ सगळे तिथून येतात, आणि "आवाज वाढव, काय बोलतायत कळत नाहीये, अरे आता कमी कर" ही दर सिनेमाची रडगाणी बहुतेक दुबळ्या सेंटरमुळे असतात. तो कपाटाच्या आत ढकलू नका, पुढच्या कडेला आणून कानाच्या दिशेने थोडा तिरका करा. सराउंड, म्हणजे बाजूचे स्पीकर, कानाच्या रेषेत किंवा जरासे मागे, ९० ते ११० अंश, आणि बसलेल्याच्या कानापेक्षा थोडे वर. ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज येणारी डॉल्बीची पद्धत) हवं असेल तर छतातले स्पीकर घ्या.

एक मोठा सबवूफर का दोन लहान? दोन. २० फुटांच्या खोलीत २८ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो, १४ फुटांच्या दिशेत ४० च्या आसपास, त्यामुळे एकाच सोफ्यावर एकाला छातीत धडधड आणि शेजारच्याला काहीच नाही असं होतं. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब ठेवले की हे बरंचसं सारखं होतं. एकच घेणार असाल तर जागा शोधायची युक्ती अशी की सब सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवायचा, बासचं गाणं लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत ऐकायचं. जिथे बास घट्ट आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे सब ठेवायचा. सासरेबुवा घरात असतील तर दार लावून करा, नाहीतर "काय हरवलंय जावईबापू?" म्हणून तेही टॉर्च घेऊन खाली येतात.

भिंतींवर पॅनल लावायचे तर अंड्याचे ट्रे आणि ऑनलाइन मिळणारे इंचभर फोमचे काळे चौकोन विसरा, ते फक्त वरचे सूर खातात आणि खोली कोंदट वाटायला लागते. २ फूट बाय ४ फूट लाकडी चौकट, आत दोन इंची मिनरल वूलचा बोर्ड, वरून ज्यातून फुंकर आरपार जाते असं कापड, झालं पॅनल. कुठे लावायचा? तुम्ही सोफ्यावर बसा, कोणाला तरी भिंतीला चिकटवून आरसा सरकवत न्यायला सांगा, आरशात पुढचा स्पीकर दिसला की तिथे पेन्सिलची खूण. दोन्ही भिंती आणि जमलं तर छत. सगळ्या भिंती भरू नका, खोली मेल्यासारखी होते.

मग स्पीकरचा आवाज खोलीशी जुळवायचा (कॅलिब्रेशन) रिसीव्हरचा माइक. तो सोफ्यावर ठेवू नका, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला लावा, फर्नेस आणि डीह्युमिडिफायर बंद करा, सगळ्यांना वर पाठवा. कॅलिब्रेशन झाल्यावर मेनूत जाऊन बघा, रिसीव्हरने मोठ्या स्पीकरना "लार्ज" ठरवलेलं असतं. सगळे "स्मॉल" करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालच्या सुरांचं काम सबला करू द्या. यूट्यूबवरचे जुने मराठी सिनेमे आणि नाटकांची रेकॉर्डिंग बघताना आवाज स्टिरिओच येतो, तिथे डॉल्बी सराउंड मोड लावला की संवाद सेंटरमध्ये येऊन नीट कळतात.

शेवटी खडखडाट शोधायचा कार्यक्रम. नेटवर २० ते १०० हर्ट्झचा हळूहळू चढणारा टोन मिळतो, तो बऱ्यापैकी मोठ्याने लावा आणि एकाने खोलीभर हात लावत फिरा, एकाने वर स्वयंपाकघरात थांबा. हवेची जाळी, लाइटची रिंग, दाराचं बिजागर, वरच्या काचेच्या कपाटातल्या वाट्या, एकेका सुराला एकेक वस्तू बोलते. हात ठेवल्यावर थांबली की तीच. जाळीला फोमची टेप, बिजागराला स्क्रू, वाट्यांखाली मॅट.

डीह्युमिडिफायरची बादली रोज ओतायचा कंटाळा येणारच, म्हणून त्याची नळी थेट संपच्या खड्ड्यात सोडा आणि आर्द्रता ५० टक्क्यांखाली लावून ठेवा. मार्चमध्ये बर्फ वितळायच्या आधी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पंप सुरू होतोय का बघा, आणि बाहेर जाऊन पाइपाच्या तोंडाशी बर्फ तर अडकलेला नाही ना तेही.